नार्वेची फेरीबोट : फुकटचा प्रवास आणि एक जुनी सरहद्द

पुण्यात राहून नदी विसरणे फार सोपे आहे. लकडी पूल अर्ध्या मिनिटात मागे पडतो. खाली मुठा वाहते की नुसती साचली आहे, हे पाहण्यासही कोणी थांबत नाही. पण ५ नोव्हेंबर १८१७ रोजी याच शहरात नदीच्या कोणत्या काठावर उभे आहोत, याला फार अर्थ होता. एल्फिन्स्टनने संगमावरचा रेसिडेन्सीचा बंगला सोडला, नदी उतरून तो खडकीच्या बाजूच्या इंग्रजी फौजेला मिळाला आणि मागे त्याचा बंगला, ग्रंथसंग्रहासकट, जळून गेला. त्या दिवसापुरती आपली नदी ही सरहद्द होती. पुढे पूल झाले आणि ती जाणीवही बुजली.

नदी ही सरहद्द असते म्हणजे काय, हे अजूनही अंगाने अनुभवायचे असेल तर गोव्याला जावे. समुद्रकिनाऱ्यावर नव्हे, मांडवीच्या धक्क्यांवर. गोवा सरकारच्या नदी परिवहन खात्याच्या फेरीबोटी तिथे दिवसभर ये-जा करतात आणि पायी प्रवाशाकडून त्या एक पैसाही घेत नाहीत. आजचा धागा त्या बोटींचा आहे. खरे म्हणजे, त्या ज्या पाण्यावरून जातात त्या पाण्याचा.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. पणजी आणि ओल्ड गोवा ज्या भूभागावर आहेत तो तिसवाडी महाल हे एक बेटच आहे : उत्तरेस मांडवी, दक्षिणेस जुवारी आणि पूर्वेस या दोहोंना जोडणारी कुंभारजुव्याची खाडी. मांडवीच्या पात्रात चोडण, दिवाडी आणि जुवे ही आणखी बेटे. २५ नोव्हेंबर १५१० रोजी आल्बुकेर्कने गोवा जिंकला तेव्हा त्याच्या हाती आले ते हेच बेटांचे राज्य. बारदेश आणि साष्टी पुढे १५४३ मध्ये कायमचे जोडले गेले. समोरचा डिचोलीचा काठ मात्र आदिलशाहीचा राहिला आणि नंतर मराठ्यांचा झाला. इतक्या लहानशा राज्याला तटबंदीपेक्षा खारे पाणी अधिक उपयोगी पडले.

सुरुवात पणजी–बेती फेरीने करा. हा मार्ग फार लांबचा नाही, पण त्याची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९७० मध्ये मांडवीवर पूल झाला तेव्हा फेरीचे दिवस संपले, असेच सर्वांना वाटले असणार. ५ जुलै १९८६ रोजी तो पूल कोसळला आणि राजधानीचा उत्तर गोव्याशी संबंध पुन्हा बोटींवर येऊन ठेपला. आज तिथे नदीवर पूल आहेत. २०१९ मध्ये अटल सेतूही आला. तरी फेरी चालूच आहे.

तिथून रायबंदरकडे जाणारा रस्ता ज्या लांबलचक बांधावरून जातो तो सतराव्या शतकातला. १६३०च्या दशकात कोंद द लिन्यारिश या विजरईने (व्हाइसरॉयला आपले जुने इतिहासकार विजरई म्हणतात) तो बांधवला. रायबंदरहून चोडणला बोट जाते. पक्षी पाहायचे असतील तर तिथले सलीम अली अभयारण्य आहेच. आपण मात्र पुढे ओल्ड गोव्याला जाऊ.

ओल्ड गोव्याच्या धक्क्यालगत विजरईंची कमान उभी आहे. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा हा विजरई असताना सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्याने ती उभारली. आज दिसते ती विसाव्या शतकात पुन्हा बांधलेली. नवा विजरई बोटीतून उतरून या कमानीतूनच शहरात प्रवेश करी. नदीकडच्या अंगाला खुद्द वास्कोची मूर्ती आहे. दिवाडीची फेरी सुटली की कठड्याशी उभे राहून मागे वळून पाहा. हे शहर पाण्याकडे तोंड करून का वसले, ते रस्त्याने आलेल्याला कळत नाही. बोटीतून पाच मिनिटांत उमगते.

आता नदीच्या वरच्या अंगाला, पूर्वेकडे पाहा. दिवाडीच्या पलीकडे जुवे आहे, पोर्तुगीजांचे सांत इस्तेव्हांव. नोव्हेंबर १६८३ मध्ये विजरई कोंद द आल्व्होर याने फोंड्याच्या किल्ल्यावर स्वारी केली. आत येसाजी कंक लढत होते. संभाजी महाराज स्वतः मदतीला पोहोचताच विजरईला वेढा उठवून परतावे लागले. त्यानंतर २४ नोव्हेंबरच्या रात्री, ओहोटीने पाणी उतरलेले असताना, मराठे जुव्यात शिरले आणि तिथला किल्ला त्यांनी घेतला. दुसऱ्या दिवशी तो परत घेण्यास विजरई जातीने नदी ओलांडून गेला, मार खाऊन जखमी झाला आणि कसाबसा बोटीतून निसटला. त्याची अनेक माणसे पळताना पाण्यात बुडाली.

पाठलागात महाराजांचा घोडा प्रवाहात वाहू लागला आणि खंडो बल्लाळांनी उडी घालून त्यांना वाचवले, अशी कथा चिटणीस घराण्याच्या परंपरेत आहे. खंडो बल्लाळ हे त्याच घराण्याचे पूर्वज, हे लक्षात ठेवून ती वाचावी. मला ती सर्वस्वी अशक्य वाटत नाही. भरतीच्या वेळचे हे पाणी ज्याने पाहिले आहे तो तिला हसणार नाही.

गोव्यात इतकी घबराट पसरली की विजरईने बॉम जेझुसमध्ये जाऊन सेंट झेवियरच्या शवपेटीपाशी आपला राजदंड ठेवला आणि राज्य त्याच्या हवाली केले. समाजमाध्यमांवर ही कथा वारंवार फिरते आणि तिच्याखाली दोन तट पडतात : गोवा चमत्काराने वाचला, की महाराजांनी सोडून दिला? दोन्ही उत्तरे मला अपुरी वाटतात. ओहोटीने जी वाट दिली ती भरतीने काही तासांत बंद केली. होड्या आणि आरमार जवळ नसता जुव्यावरची फौज ओल्ड गोव्यावर लोटणे सोपे नव्हते. मराठ्यांनी बारदेश आणि साष्टीत धुमाकूळ घातला, पण तेवढ्यात शहाआलमची मोगली फौज घाट उतरून कोकणात येऊ लागली आणि १६८४च्या जानेवारीत मोहीम आवरावी लागली. हा सारा व्यवहार कागदपत्रांतून पाहायचा असेल तर पां. स. पिसुर्लेकरांचा ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ वाचा. तो पुणे विद्यापीठानेच प्रसिद्ध केला आहे.

फेरी दिवाडीला लागली. बेट ओलांडून उत्तरेच्या धक्क्यावर जा. वाटेत भातशेती, बांध आणि खारे पाणी आत येऊ न देणारी मानशींची दारे दिसतील. याच बेटावर गोव्याच्या कदंबांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर होते. कदंब राजे आपल्या नाण्यांवरही त्याच्या कृपेचा उल्लेख करीत. १५४०च्या सुमारास पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडले. भक्तांनी लिंग नदीपार, आदिलशाही मुलखात नेले, आणि देव जिथे स्थिरावला त्या गावालाही जुन्या जागेचेच नाव मिळाले : नार्वे.

दिवाडी–नार्वे फेरी ज्या अरुंद पात्रातून जाते तीच ती सरहद्द. या काठाला देवळाला थारा नव्हता. त्या काठाला तेच देऊळ उभे राहू शकत होते. नोव्हेंबर १६६८ मध्ये शिवाजी महाराज डिचोलीच्या बाजूस होते, तेव्हा त्यांनी सप्तकोटेश्वराच्या नव्या देवालयाचा प्रारंभ करविला. तसा शिलालेख दारावर आहे. याच सुमारास मराठ्यांची माणसे थोडी थोडी करून गोव्यात शिरवण्याचा बेत विजरईला कळला आणि फसला. पाण्यापलीकडच्या शहरावर डोळा ठेवून या पाण्याच्या काठी देऊळ उभे राहत होते, हे ध्यानात घेतले की तो शिलालेख निराळा वाचला जातो. डिचोली पोर्तुगीजांच्या ताब्यात कायमची गेली ती १७८०च्या दशकात. तोवर धर्मांतराचा पहिला आवेश ओसरला होता आणि देऊळ राहिले.

नार्वेच्या धक्क्यावरून देऊळ फार दूर नाही. दिवाडीहून निघताना शेवटची फेरी किती वाजता आहे, ते बोटीवरच्या माणसाला विचारून ठेवा. ती चुकली तर परतीचा रस्ता बराच मोठा वळसा घेतो.