कीटो ड्रेसिंग, सॅलड आणि सॉस

कीटो ड्रेसिंग, सॅलड आणि सॉस : कीटोजेनिक आहारात चालतील अशी, घरी केलेली तेलाची, अंड्याची, सायीची वा दह्याची दाट मिश्रणे आणि ती ज्यांत कालवायची त्या कच्च्या भाज्या. या आहारात दिवसभरातली कर्बोदके साधारणपणे २० ते ५० ग्रॅमच्या आत ठेवतात आणि बहुतेक ऊर्जा स्निग्ध पदार्थांतून घेतात. त्यामुळे एरवी चवीपुरते शिंपडले जाणारे ड्रेसिंग इथे जेवणाचा मुख्य भाग होते. पाने आणि काकडी हे तेल पोटात जाण्याचे निमित्त, असे म्हटले तरी चालेल. बाजारातल्या बाटलीबंद ड्रेसिंगला दाटपणा आणि गोडी येते ती बहुधा स्टार्च, माल्टोडेक्स्ट्रिन आणि साखर यांमुळे. ती तिन्ही वगळल्यावर तेल आणि पाणी एकत्र कसे नांदवायचे, हा या पाककृतींपुढचा खरा प्रश्न आहे. कीटोची पाककृती म्हणून जे काही लिहिले जाते त्यातले बरेचसे या प्रश्नाला बगल देऊन फक्त साखरेच्या जागी दुसरे गोडकारक पदार्थ सुचवते.

पार्श्वभूमी : हा आहार मुळात वजन घटवण्यासाठी नव्हता. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधील रसेल वाइल्डर यांनी १९२१ मध्ये तो अपस्माराच्या रुग्णांसाठी सुचवला. उपवासाने झटके कमी होतात हे माहीत होते; पण उपवास किती दिवस करणार? कर्बोदके जवळजवळ बंद केली की यकृत स्निग्धांपासून कीटोने तयार करते आणि उपवासासारखीच अवस्था जेवूनही टिकते, हा त्यामागचा विचार. अभिजात प्रकारात प्रथिने व कर्बोदके मिळून १ ग्रॅम, तर स्निग्ध ४ ग्रॅम असे प्रमाण असते. एवढे स्निग्ध लहान मुलाच्या पोटात घालायचे तर दाट क्रीम, लोणी आणि मेयोनेज यांना पर्याय नसतो. १९३८ पासून फेनिटॉइन हे झटक्यांवरचे औषध वापरात आले आणि हा आहार मागे पडला. चित्रपट दिग्दर्शक जिम अब्राहम्स यांच्या मुलाला जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात या आहाराचा गुण आला; त्यानंतर १९९४ मध्ये त्यांनी चार्ली फाउंडेशन स्थापन केले आणि डॉक्टरांचे लक्ष पुन्हा इकडे वळले. दरम्यान रॉबर्ट अ‍ॅटकिन्स यांच्या १९७२ च्या पुस्तकाने कमी कर्बोदकांचा आहार वजनाच्या काळजीत असलेल्या घरांत नेला होता. आजची कीटो पाककृती या दोन प्रवाहांच्या संगमावर उभी आहे, आणि तिचा इस्पितळातला उगम बहुतेक खाणाऱ्यांच्या गावीही नसतो.

मेयोनेज : कीटो स्वयंपाकघरातले हे मूळ द्रव्य, रँच, सीझर, टार्टर हा सगळा त्याचाच गोतावळा. अंड्याचा बलक, मोहरी, लिंबाचा रस किंवा व्हिनेगर, मीठ आणि तेल, एवढाच ऐवज. शास्त्राच्या भाषेत हे पाण्यात तेलाचे पायस आहे : बलकातल्या आणि लिंबाच्या थोड्याशा पाण्यात तेलाचे अतिसूक्ष्म थेंब खच्चून भरलेले असतात. बलकातले लेसिथिन आणि प्रथिने प्रत्येक थेंबाभोवती वेष्टन करतात, म्हणून थेंब पुन्हा एकमेकांत मिसळत नाहीत. यातली गंमत अशी की तेल वाढवत जावे तसे मेयोनेज घट्ट होते आणि पाण्याचे चार थेंब घातले की सैल पडते. नवशिक्याचा हात नेमका उलटा चालतो. पातळ झाले म्हणून तो तेल थांबवतो, फार घट्ट झाले म्हणून आणखी तेल ओततो.

घरगुती प्रमाण एका बलकाला एक चहाचा चमचा मोहरीची पेस्ट, एक मोठा चमचा लिंबूरस आणि सुमारे २०० मिलिलिटर तेल. अंडे फ्रिजमधून काढून आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे. सुरुवातीचे तेल अक्षरशः थेंबाथेंबाने घालून फेसत राहायचे. मिश्रण मिळून आले, पांढरट झाले, की मग बारीक धार चालते. घाई इथेच नडते, कारण पहिल्या दोन-तीन चमच्यांत बलकाला तेल फोडून बारीक करायला वेळ मिळाला नाही तर पुढे काहीही करा, ते फाटते. फाटलेले मात्र टाकून देऊ नये. स्वच्छ भांड्यात नवा बलक घेऊन त्यात ते फाटलेले मिश्रण तेलासारखेच हळूहळू फेसत गेल्यास पुन्हा जमून येते. उंच, अरुंद भांड्यात सगळे एकदम घालून हातातला ब्लेंडर तळाशी टेकवून चालू केला, तर मिनिटभरात काम होते. तळातला बलक वरचे तेल थोडेथोडे ओढून घेतो, म्हणजे थेंबाथेंबाचाच नियम यंत्राकडून पाळला जातो.

तेल कोणते, यावर मतभेद फार. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल आरोग्याच्या नावाने सर्रास सुचवले जाते. पण ब्लेंडरच्या वेगाने त्यातली कडवट द्रव्ये उघडी पडतात, आणि फ्रिजमध्ये ते गोठू लागले की पायस मोडते. सौम्य वासाचे तेल घेणे शहाणपणाचे. मराठवाडा आणि सोलापूरकडच्या घरांना ओळखीचे असलेले करडईचे तेल शुद्ध केलेले असेल तर या कामाला उत्तम. परदेशातही मेयोनेजला ते वापरतात. अ‍ॅव्होकॅडोच्या महागड्या तेलासाठी हट्ट धरण्याचे कारण नाही.

कच्च्या अंड्याचा धोका खरा आहे. साल्मोनेला हे जंतू त्यातून पसरतात. विषबाधेच्या घटनांनंतर तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तामिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर वर्षभरासाठी बंदी घातली. घरी करताना पाश्चरीकृत अंडी मिळाल्यास ती घ्यावीत, आंबट पदार्थात हात आखडू नये, डबा फ्रिजमध्ये ठेवावा आणि दोन-तीन दिवसांत संपवावा. गर्भवती, लहान मुले, वृद्ध आणि आजारी माणसे यांच्यासाठी कच्चे अंडे टाळलेलेच बरे. अंडे न खाणाऱ्यांसाठी गार दूध आणि त्याच्या दुप्पट तेल ब्लेंडरने फिरवून मेयोनेज होते. तिथे बलकाचे काम दुधातली प्रथिने करतात. अर्धी वाटी दुधात चार-पाच ग्रॅम दुग्धशर्करा येते, पण ती दीड वाटी मेयोनेजमध्ये वाटली जाते.

तेल-व्हिनेगर आणि फेसलेली मोहरी : व्हिनेग्रेटमध्ये तीन भाग तेलाला एक भाग आंबट असे प्रमाण रूढ आहे. नुसते हलवले तर ते काही मिनिटांत वेगळे होते. त्यात मोहरी घातली की बराच वेळ टिकते, कारण मोहरीच्या सालीतला चिकट अंश थेंबांना धरून ठेवतो. महाराष्ट्रातल्या घरांना हे नवे नाही. लोणच्यासाठी किंवा कोशिंबिरीसाठी मोहरीची डाळ पाणी घालून झणका नाकात जाईपर्यंत फेसतात. मोहरीतल्या द्रव्याचा आणि विकराचा पाण्याशी संयोग झाला की तिखट तेल सुटते; आंबट आधीच घातले तर ही क्रिया मंदावते. म्हणून आधी पाण्यात फेसायचे आणि लिंबू मागाहून पिळायचे, हा घरातला क्रम रसायनशास्त्राच्या कसोटीलाही उतरतो. अशा फेसलेल्या मोहरीत तेल आणि लिंबू घालून केलेले ड्रेसिंग कीटोत बिनदिक्कत बसते. व्हिनेगर निवडताना बाल्सामिक टाळावे. त्यात शंभर ग्रॅममागे सुमारे १७ ग्रॅम कर्बोदके असतात, तर साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ती नगण्य.

सॅलड : पानांवर तेल घालण्याला पोषणाचाही आधार आहे. गाजर, पालक, टोमॅटो यांतली कॅरोटिनॉइडे स्निग्धाशिवाय शरीरात फारशी शोषली जात नाहीत. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ मध्ये स्निग्धरहित ड्रेसिंगसह सॅलड खायला देऊन हे दाखवले. कीटोला सोयीची दोन प्रसिद्ध सॅलडे उपाहारगृहांची देणगी आहेत. इटलीतून आलेल्या सीझर कार्डिनी यांनी मेक्सिकोतल्या तिहुआना शहरात १९२४ मध्ये सीझर सॅलड केले, असे मानले जाते. त्यातले पावाचे तळलेले तुकडे काढून त्याजागी पार्मेझान चीजच्या भाजलेल्या कुरकुरीत चकत्या घातल्या की झाले. हॉलीवूडच्या ब्राउन डर्बी उपाहारगृहातले कॉब सॅलड तर अंडे, कोंबडी, बेकन, अ‍ॅव्होकॅडो आणि निळे चीज यांमुळे जवळपास आहे तसेच चालते.

आपली कोशिंबीर मात्र तपासून घ्यावी लागते. काकडीत शंभर ग्रॅममागे साडेतीन ग्रॅमच्या आसपास कर्बोदके, टोमॅटोत चारच्या, गाजरात दहाच्या. त्यामुळे काकडीची कोशिंबीर साखरेची चिमूट वगळून चालते. गाजराची वाटीभर खाल्ली तर दिवसाचा मोठा वाटा तिथेच संपतो. दाण्याचे कूट दोन चमच्यांपर्यंत ठीक. ओले खोबरे, तीळ, जवस हे त्याहून सोयीचे. दही बांधून चक्का केला की पाण्याबरोबर थोडी दुग्धशर्कराही निथळते आणि दाटपणा आपोआप येतो. चक्क्यात लसूण, मिरपूड, कोथिंबीर आणि थोडी साय घालून केलेले ड्रेसिंग अमेरिकेतल्या रँचची बरोबरी सहज करते.

रँचची कथा सांगण्याजोगी आहे. स्टीव्ह हेन्सन नावाच्या गृहस्थाने अलास्कात नळजोडणीची कंत्राटे घेत असताना आपल्या कामगारांसाठी ताकाचे ड्रेसिंग जमवले. १९५४ मध्ये त्याने पत्नीसह कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ हिडन व्हॅली नावाने रँच थाटले, पाहुण्यांना ते ड्रेसिंग आवडले, आणि १९७२ मध्ये क्लोरॉक्स कंपनीने ८० लाख डॉलरला तो व्यवसाय विकत घेतला. घरी करायचे तर मेयोनेज, आंबट साय, थोडे ताक, शेपू आणि लसूण पुरे.

मलईदार सॉस : मैदा लोण्यात परतून केलेला बेशामेल कीटोत बाद. त्याऐवजी क्रीम मंद आचेवर आटवतात. इथे स्निग्धाचे प्रमाण महत्त्वाचे : ३५ टक्क्यांच्या वरचे क्रीम उकळी आणि आंबटपणा दोन्ही सोसते. भारतात डब्यातून मिळणारे फ्रेश क्रीम साधारण २५ टक्क्यांचे असते. ते उकळत्या टोमॅटोत पडले की फुटते, म्हणून आच बंद करून शेवटी घालावे. बलकाने दाट केलेल्या सॉसला उकळी येऊ देऊ नये. स्टार्चचा आधार नसल्याने बलक लगेच गुठळतो. आधी गरम सॉसचे दोन चमचे बलकात घालून तो कोमट करायचा आणि मग पातेल्यात सोडायचा. चीज सॉसचेही तसेच. पिठाविना चीज वितळवले की तेल सुटते. क्रीम चीज किंवा चिमूटभर सोडियम सायट्रेट घातल्यास ते एकजीव राहते.

दाटपणासाठी झँथन गम बरेच जण वापरतात. अमेरिकी कृषी खात्याच्या पिओरिया येथील प्रयोगशाळेत अ‍ॅलीन जीन्स आणि सहकाऱ्यांनी जिवाणूंपासून ते मिळवले, आणि १९६९ मध्ये त्याला खाद्यपदार्थांत परवानगी मिळाली. वाटीभर सॉसला पाव चहाचा चमचा पुष्कळ झाला. जास्त पडले तर सॉस बुळबुळीत होतो. पाण्यात थेट टाकल्यास गुठळ्या होतात, म्हणून आधी तेलात कालवावे. कोकण-गोव्याकडे नारळाचे पहिले, घट्ट दूध हाताशी असताना माशाच्या किंवा कोंबडीच्या सॉसला या पुडीची गरज पडत नाही.

मर्यादा : ‘लो फॅट’ लिहिलेली बाटली कीटोसाठी सर्वांत गैरसोयीची, कारण काढलेल्या तेलाची जागा साखर आणि स्टार्चने भरलेली असते. कांद्याच्या आणि लसणाच्या पुडीतही कर्बोदके भरपूर असतात. अपस्माराच्या मुलांसाठीचे ड्रेसिंग चमच्याने न मोजता काट्यावर ग्रॅममध्ये तोलावे लागते आणि प्रमाण आहारतज्ज्ञच ठरवतात. मधुमेहावर इन्सुलिन किंवा एसजीएलटी-२ गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांनी हा आहार डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. या गोळ्यांसोबत कर्बोदके फार कमी केल्यास रक्तातली साखर फारशी न वाढताही कीटोअ‍ॅसिडोसिस, म्हणजे कीटोनांमुळे रक्त आम्ल होण्याची धोकादायक अवस्था, होऊ शकते.