शाळा-अकॅडमीच्या पत्रकावरचे ‘तज्ज्ञ’ आणि ‘सल्लागार’ नेमके कोण? नावापुढची पदवी कशी वाचायची, खात्री कुठे करायची

मे-जून आला की एसटी स्टँडच्या भिंतीवर, आठवडी बाजारात आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शाळा, अकॅडमी आणि क्लासेसची पत्रके फिरू लागतात. पूर्वी पत्रकावर फी, बस आणि होस्टेल एवढीच माहिती असायची. आता त्यात फोटोंची एक रांग असते. खाली लिहिलेले असते ‘आमचे सल्लागार मंडळ’, ‘आमचे तज्ज्ञ मार्गदर्शक’. कुणाच्या नावाआधी डॉ., कुणाच्या नावापुढे चार-पाच पदव्या, कुणी माजी अधिकारी, कुणी आयआयटीयन.

हे फोटो बघून बऱ्याच घरांत निर्णय होतो. कांद्याचे, दुधाचे किंवा उसाच्या बिलाचे पैसे फीमध्ये जातात. म्हणून या पदव्या आणि पदे म्हणजे काय, त्यांची नोंद कुठे असते आणि पालकांनी काय विचारायचे, याची ही माहिती.

सल्लागार वेगळा, शिकवणारा वेगळा

पहिली गोष्ट म्हणजे सल्लागार मंडळातला माणूस रोज वर्गात येतोच असे नाही. सल्लागाराचे काम संस्थेला दिशा देणे, अभ्यासक्रम बघणे, शिक्षकांचे प्रशिक्षण घेणे असे असते. काही जण खरोखर वेळ देतात. काहींचे फक्त नाव आणि फोटो असतो, वर्षातून एकदा कार्यक्रमाला हजेरी असते.

यात लगेच फसवणूक आहे असे नाही. पण पालक फोटो बघतात सल्लागाराचा आणि मुलाला शिकवतो दुसराच. त्यामुळे विचारायचे असे: ‘सर, यातले रोज वर्गावर कोण येणार? त्यांचे शिक्षण काय?’ शिकवणाऱ्यांची यादी वेगळी मागावी. चांगली संस्था ती लगेच देते.

‘डॉ.’ म्हणजे कुठले डॉक्टर?

नावाआधी ‘डॉ.’ लावणारे अनेक प्रकारचे असतात. एमबीबीएस झालेल्यांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. बीएएमएस आणि बीएचएमएस यांच्यासाठी राज्यात वेगळ्या परिषदा आहेत. पीएच.डी. झालेले त्या एका विषयाचे अभ्यासक असतात, त्यांचा औषधोपचाराशी संबंध नसतो. मराठीत किंवा रसायनशास्त्रात पीएच.डी. केलेला माणूस उत्तम प्राध्यापक असू शकतो, पण तेवढ्यावर तो ‘बालमानसतज्ज्ञ’ होत नाही.

मानद डॉक्टरेट हा आणखी एक प्रकार. तो सन्मान असतो, अभ्यास करून मिळवलेली पदवी नव्हे.

पदवी कुणी द्यायची हेही कायद्याने ठरलेले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यानुसार केंद्र किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थाच पदवी देऊ शकतात. बोगस विद्यापीठांची यादी आयोग, म्हणजे यूजीसी, स्वतःच्या वेबसाइटवर टाकत असते. मोबाइलवर ती कुणालाही बघता येते.

शाळेतल्या शिक्षकाला काय लागते?

शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी किमान पात्रता ठरलेली आहे आणि ती खासगी शाळांनाही लागू आहे. पहिली ते पाचवीसाठी बारावी आणि त्यानंतरचा डी.एड. (आता डी.एल.एड.) हा मुख्य रस्ता. सहावी ते आठवीसाठी पदवी आणि सोबत अध्यापनाची पदवी किंवा पदविका लागते. शिवाय शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी. राज्याची टीईटी पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते, केंद्राची सीटीईटी सीबीएसई घेते. प्राथमिकच्या वर्गांसाठी नुसते बी.एड. चालणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिला आहे.

तालुक्याच्या गावी आता सीबीएसईच्या शाळाही निघाल्या आहेत. या शाळांनी ठरावीक माहिती स्वतःच्या वेबसाइटवर जाहीर करायची असते. त्यात शिक्षकांची संख्या, विशेष शिक्षक आणि समुपदेशक यांचा तपशील येतो. प्रवेशाआधी तो वाचून घ्यावा. शाळेला सीबीएसईची संलग्नता खरोखर मिळालीय की नुसता ‘सीबीएसई पॅटर्न’ आहे, हेही बोर्डाच्या वेबसाइटवर समजते.

सर्वात महत्त्वाचे: विशेष शिक्षक आणि थेरपिस्ट

पोरगं तीन वर्षांचं झालं तरी बोलत नाही. नीट ऐकू येत नाही असे वाटते. चौथीत गेलं तरी अक्षरे उलटी लिहितं. अशा वेळी घरचे लोक हवालदिल होतात आणि जो कुणी ‘तज्ज्ञ’ भेटेल त्याच्याकडे जातात. इथे चुकीचा माणूस भेटला तर पैशापेक्षा मोठे नुकसान होते. बोलणे आणि ऐकणे घडण्याची वर्षे लहानपणीचीच असतात. ती निघून गेली की भरून काढणे अवघड जाते.

या कामासाठी देशात वेगळा कायदा आहे, भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम १९९२. ही परिषद आरसीआय या नावाने ओळखली जाते. तिच्याकडे केंद्रीय पुनर्वास नोंदवही असते. या क्षेत्रात काम करणाऱ्याचे नाव त्या नोंदवहीत असावे लागते आणि त्याला एक क्रमांक मिळतो. त्याला सीआरआर क्रमांक म्हणतात. नोंदणी नसताना काम केले तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद कायद्यात आहे.

कुणाची नोंदणी बघायची?

• विशेष शिक्षक: डी.एड. किंवा बी.एड. ‘विशेष शिक्षण’ झालेले. साधे बी.एड. झालेले शिक्षक यात येत नाहीत.

• ऑडिओलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट: ऐकण्याची तपासणी आणि बोलण्याचे उपचार करणारे. यांची पदवी साधारण बीएएसएलपी असते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे हेच शिक्षण दिले जाते.

• क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट: नुसते एम.ए. मानसशास्त्र पुरत नाही. आरसीआयने मान्य केलेला क्लिनिकलचा अभ्यासक्रम आणि नोंदणी दोन्ही हवे.

• फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट: यांच्यासाठी राज्यात वेगळी परिषद आहे. तिचा नोंदणी क्रमांक विचारावा.

दोन-तीन दिवसांचे शिबिर करून मिळालेले प्रमाणपत्र या नोंदणीची जागा घेऊ शकत नाही. भिंतीवर फ्रेम असली तरी ‘मॅडम, तुमचा सीआरआर नंबर काय?’ एवढे विचारावे. नंबर आरसीआयच्या वेबसाइटवर टाकून बघता येतो. नोंदणीची मुदत संपलेली नाही ना, तेही पाहावे. नोंदणी असलेल्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही.

आणखी एक गोष्ट. दिव्यांगत्वाचा दाखला कुठलेही खासगी थेरपी सेंटर देऊ शकत नाही. त्यासाठी यूडीआयडी पोर्टलवर अर्ज करायचा आणि नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्यायची. ‘आम्ही दाखला काढून देतो’ म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नयेत.

समुपदेशक आणि करिअर मार्गदर्शक

शाळेतला समुपदेशक बहुतेक वेळा मानसशास्त्र किंवा समाजकार्य शिकलेला असतो. एम.ए. मानसशास्त्र, समुपदेशनाची पदविका किंवा एम.एस.डब्ल्यू. अशा पदव्या दिसतात. करिअर मार्गदर्शकाचे मात्र वेगळे आहे. वकिलाला जशी सनद लागते, तशी सनद करिअर मार्गदर्शकाला सक्तीची नाही. उद्या कुणीही बोर्ड लावू शकतो. म्हणून इथे पदवीसोबत कामाचा अनुभव आणि आधी मार्गदर्शन घेतलेल्या घरांचा अनुभव विचारणे जास्त उपयोगाचे.

माजी तहसीलदार, माजी पोलीस अधिकारी, निवृत्त मुख्याध्यापक असेही मार्गदर्शक असतात. स्पर्धा परीक्षेची मुलाखत, नोकरीतले वास्तव, शाळेचा कारभार याबद्दल त्यांचे बोलणे मोलाचे असते. पण गणिताचा पाया कच्चा असलेल्या पोराला ते कसे शिकवायचे, हे काम गणिताच्या शिक्षकाचेच.

‘परदेशात एमबीबीएस’ सांगणारे सल्लागार

नीटमध्ये मार्क कमी पडले की फोन सुरू होतात. इथे सल्लागाराला कॉलेजकडून कमिशन मिळते का, हे थेट विचारावे. मिळत असेल तर तो त्या कॉलेजचा माणूस आहे, हे धरून चालावे.

नियम कुणाच्या सांगण्यावर अवलंबून नाहीत. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नोव्हेंबर २०२१ मध्ये काढलेल्या नियमांनुसार परदेशातला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा. त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी. त्या पदवीवर त्या देशातही डॉक्टरकी करता आली पाहिजे. नीट पात्र व्हावेच लागते आणि परत आल्यावर इथली परीक्षा द्यावी लागते. यातले एक जरी बसत नसेल, तर लाखो रुपये घालूनही भारतात डॉक्टर म्हणून नोंदणी अडकते.

क्लासेससाठी नियम काय सांगतात?

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. ५० पेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या क्लासेससाठी ती आहेत. अंमलबजावणी राज्यांनी करायची आहे. त्यातले पालकांच्या कामाचे मुद्दे असे:

• शिकवणारा किमान पदवीधर हवा.

• शिकवणाऱ्यांचे शिक्षण, अभ्यासक्रम, होस्टेल आणि फी यांची माहिती क्लासच्या वेबसाइटवर हवी.

• १६ वर्षांखालील विद्यार्थ्याला प्रवेश देऊ नये, दहावीची परीक्षा झाल्यावरच घ्यावा.

• पूर्ण फी भरून मुलाने मध्येच क्लास सोडला, तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत करावी. त्यात होस्टेल आणि मेसची फीसुद्धा येते.

त्यानंतर नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या जाहिरातींबद्दल वेगळी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. शिकवणाऱ्यांच्या पात्रतेबद्दल किंवा निकालाबद्दल खोटा दावा करायला त्यात मनाई आहे. यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो त्याच्या लेखी संमतीशिवाय वापरता येत नाही, आणि त्याने नेमका कोणता कोर्स केला होता हे सांगावे लागते. नाहीतर चार दिवस मुलाखतीची तयारी करून गेलेला मुलगाही ‘आमचा विद्यार्थी’ म्हणून फ्लेक्सवर चढतो.

पदवी हवी, पण पदवी म्हणजे सगळे नाही

ग्रामीण शिक्षणात ज्यांचे नाव आजही घेतले जाते त्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. ताराबाई पदवीधर होत्या आणि भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाचे काम करून आल्या होत्या. अनुताई प्राथमिक शिक्षिका होत्या, पदवी त्यांनी पुढे काम करता करता घेतली. १९४५ मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी इथे दोघींनी काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडला नेले. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच पाड्याच्या अंगणात नेली. अंगणवाडीची कल्पना तिथली.

म्हणजे एकीकडे शिक्षण, दुसरीकडे पोरांसोबत घालवलेली वर्षे. तज्ज्ञाकडे दोन्ही असावे लागते. मात्र जिथे कायद्याने नोंदणी सक्तीची आहे, तिथे अनुभव सांगून नोंदणी टाळता येत नाही.

प्रवेशाआधी पाच प्रश्न

१. पत्रकावरच्या तज्ज्ञांपैकी माझ्या मुलाला आठवड्यात किती तास कोण शिकवणार?

२. त्यांची पदवी कुठल्या विषयातली, कुठल्या विद्यापीठाची?

३. नोंदणी लागणारे काम असेल तर नोंदणी क्रमांक काय?

४. ते सर किंवा मॅडम सोडून गेले तर त्यांच्या जागी कोण येणार?

५. मधेच सोडले तर फी किती आणि किती दिवसांत परत? हे लेखी मिळेल का?

उत्तरे व्हॉट्सॲपवर लेखी मागावीत. पावती आणि पत्रक दोन्ही जपून ठेवावे. पुढे तक्रार करायची वेळ आली तर हाच पुरावा.

पैसे न लागता मदत कुठे?

• पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे तज्ज्ञ आणि विशेष शिक्षक असतात. झेडपी शाळेच्या मुख्याध्यापकांमार्फत त्यांच्याशी बोलता येते.

• अंगणवाडी आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक मुलांची तपासणी करते. गरज असेल तर जिल्हा पातळीवरच्या डीईआयसी केंद्रात पाठवले जाते. तिथे तपासणी आणि थेरपी मोफत असते.

• ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे.

• मूल फार तणावात असेल तर टेलिमानस १४४१६ हा मोफत नंबर आहे. मराठीतही बोलता येते.

• खोटी जाहिरात किंवा फी परत न मिळणे यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

पत्रक छापणाऱ्याने नावे छापली, फोटो छापले. त्यामागचे शिक्षण आणि नोंदणी विचारण्यात लाजण्यासारखे काही नाही. बियाण्याची पिशवी घेताना लॉट नंबर बघतो, बिल मागतो, मग इथे तर पोराचे वर्ष आहे.