रॉक मशीन ते 'इव्हॉल्व्ह'

आपल्याकडच्या बँडने इंग्रजी रॉक वाजवला की दोन शेरे ठरलेले. एक, "हे तर तिकडचं कॉपी केलंय." आणि दुसरा, "ह्यात भारतीय काय आहे?" मुंबईच्या इंडस क्रीडचा इतिहास म्हणजे ह्या कात्रीतून सुटायची धडपड, असं मला वाटतं.

1984 मध्ये बँड सुरू झाला तेव्हा नाव होतं रॉक मशीन. त्या काळी कॉलेज फेस्टिव्हलमध्ये बँडकडून अपेक्षा एकच: परदेशी गाणी जशीच्या तशी वाजवा. ह्या पोरांनी स्वतःची गाणी वाजवायचा हट्ट धरला. 1988 मध्ये 'रॉक अँड रोल रेनेगेड' आला, 1990 मध्ये 'द सेकंड कमिंग'. गाणी स्वतःची, पण आवाज? मोठमोठे कोरस, चकचकीत गिटार सोलो, म्हणजे अस्सल ऐंशीच्या दशकातला अमेरिकन हार्ड रॉक.

1993 मध्ये नाव बदललं. 'मशीन' गेलं, सिंधू नदी आली. त्याच वर्षी 'प्रिटी चाइल्ड'च्या व्हिडिओला एमटीव्ही एशियाच्या प्रेक्षकांचा पुरस्कार मिळाला. 1995 मध्ये 'इंडस क्रीड' अल्बम आला. पण ते साल अलिशा चिनॉयच्या 'मेड इन इंडिया'चंही! हिंदी पॉपची लाट आली आणि इंग्रजी रॉकसाठी जागा उरली नाही. 1997 मध्ये बँड थांबला. गायक उदय बेनेगल आणि गिटारिस्ट जयेश गांधी पुढे न्यूयॉर्कला गेले, तिथल्या त्यांच्या 'आम्स फॉर शांती'त हिंदी शब्द आले, तबला आला. म्हणजे दुसऱ्या शेऱ्याला उत्तर देऊन झालं.

आणि मग 2010 मध्ये इंडस क्रीड पुन्हा उभा राहिला. बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया हे जुने. बासवर रुशाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय राव कवी हे नवे. 2012 मध्ये 'इव्हॉल्व्ह' आला, जेमतेम आठ गाण्यांचा. मिक्सिंग टिम पाल्मरचं, ज्याने पर्ल जॅमचा 'टेन' मिक्स केला होता.

मला विचाराल तर हा त्यांचा सगळ्यात चांगला अल्बम. जुना दणदणाट नाही, भारतीयपणाचा शिक्काही नाही. सोलोची घाई नाही. गाणं हळूहळू चढतं, गिटार आणि कीबोर्ड एकमेकांना जागा देतात. कोणाला काही सिद्ध करून दाखवायचंय असं कुठेच वाटत नाही.

मग ह्यात भारतीय काय? इथे मला आमच्या अलिबाग-रेवदंड्याकडच्या हळदी आठवतात. कोळीवाड्यात बँजो पार्टी वाजायला लागली की म्हातारी माणसंही उठून नाचतात. हा 'बँजो' म्हणजे बटणांचा बुलबुल तरंग, आणि त्याचं मूळ आहे जपानच्या ताइशोगोतो नावाच्या वाद्यात. पुढे त्याच्या जोडीला कीबोर्ड आला, ऑक्टोपॅड आला. पण हे कोळी संगीत नाही असं कोणी म्हणत नाही. कारण वाजवणाऱ्याचा हात त्यावर बसलाय.

रॉकवर असा हात बसायला इंडस क्रीडला 28 वर्षं लागली. नवीन वाद्य एका दिवसात आणता येतं हो, हात बसायला वेळ लागतो. असो. 'इव्हॉल्व्ह' ऐकला नसेल तर ह्या वीकेंडला ऐकाच, पण आधी 1988 चा अल्बम लावा आणि लगेच हा. फरक मी सांगायची गरज पडणार नाही :)