आश्रयावांचून लिहिलेले ग्रंथ

भिवंडी हें मागांचें गांव म्हणून सर्वांस ठाऊक आहे. अलीकडे तें गोदामांचेंही गांव झालें आहे. मुंबईकरांनीं घरबसल्या मागविलेली वस्तु पुष्कळदां भिवंडीच्या एखाद्या गोदामांतून निघालेली असते, आणि अशा वस्तूंत पुस्तकेंही असतात. त्यांपैकीं कांहींच्या मागें कोणी प्रकाशक नसतो. लेखकानेंच तीं लिहिलेलीं, छापविलेलीं व विकावयास ठेविलेलीं असतात. अशा लेखकास लोक पहिला प्रश्न विचारतात तो हा, कीं हें पुस्तक लिहावें असें आपणांस कां वाटलें? मराठींत हा प्रश्न नवा नाहीं. एकोणिसाव्या शतकांत ज्यांनीं दरबारच्या किंवा सरकारच्या आश्रयावांचून लेखणी हातीं धरली, त्यांनीं याचें उत्तर आपापल्या ग्रंथांतून दिलेलें आहे.

त्या काळीं मराठी ग्रंथकाराचा एक मोठा आधार म्हणजे दक्षिणा प्राइझ कमिटी. पेशवाईंत विद्वान् ब्राह्मणांस दक्षिणा वांटली जात असे. इंग्रजी अंमलांत त्या पैशाचा कांहीं भाग मराठी ग्रंथांना बक्षिसें देण्याकडे लावण्यांत आला. इ. स. १८५५ मध्यें जोतीराव फुले यांनीं ‘तृतीय रत्न’ हें नाटक या कमिटीपुढें ठेविलें. कुणब्याच्या गरोदर बायकोस ग्रहांची भीति घालून जोशी त्या घराला कसें नागवितो, हा त्याचा विषय. जोतीराव व सावित्रीबाई त्या वेळीं शाळा चालवीत होतीं. अज्ञानाची किंमत गरिबाच्या घरांत कशी मोजली जाते, हें त्यांना रोज दिसत होतें. नाटकाची प्रेरणा तीच. कमिटीनें तें पसंत केलें नाहीं. ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढें युरोपियन सभासदांचें कांहीं चाललें नाहीं, असें जोतीरावांनीं पुढें ‘गुलामगिरी’ या ग्रंथांत नमूद केलें.

‘गुलामगिरी’ १८७३ सालीं निघाली. अमेरिकेंतील गुलामांना दास्यांतून सोडविणाऱ्या सज्जनांना ती अर्पण केलेली आहे. दूर देशीं एक बेडी तुटली, तर आपल्याकडीलही तुटेल, ही आशा त्या अर्पणपत्रिकेंत आहे. पुढें १८८३ मध्यें ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून झाला, तेव्हां त्यांच्याच चळवळींतील ‘दीनबंधु’ पत्रानें पहिलीं दोन प्रकरणें छापून पुढचीं छापण्याचें थांबविलें. म्हणजे परक्यांचा आश्रय नव्हताच, आणि स्वकीयांचाही पुरता लाभला नाहीं.

दुसरें उदाहरण वऱ्हाडांतील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचें. १८८१ सालीं सुरतेकडील विजयालक्ष्मी नांवाच्या विधवेस स्वतःचें नवजात मूल मारल्याबद्दल फांशीची शिक्षा झाली. अपिलांत ती काळ्या पाण्यावर आली. या खटल्यावरून वर्तमानपत्रांत स्त्रीजातीच्या नीतीवर जी झोड उठली, तिच्यांत ‘पुणेवैभव’ पत्र अग्रेसर होतें. तीं टीका वाचून ताराबाईंनीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली व ती १८८२ मध्यें पुण्यास छापली गेली. जे दोष स्त्रियांचे म्हणून सांगतात, ते पुरुषांत नाहींत काय, हा त्यांचा एकच सरळ प्रश्न होता. घराच्या उंबऱ्याआड वाढलेल्या बाईनें असें विचारावें, हें पुष्कळांस रुचलें नाहीं. जोतीरावांनीं मात्र १८८५ सालच्या ‘सत्सारा’च्या दुसऱ्या अंकांत तिची बाजू घेतली. ताराबाईंचा दुसरा ग्रंथ ज्ञात नाहीं.

तिसरें उदाहरण पंडिता रमाबाईंचें. त्यांच्या ठायीं ग्रंथ हें साधन झालें. पतीच्या मृत्यूनंतर त्या १८८२ मध्यें पुण्यास आल्या व त्याच वर्षीं त्यांचें ‘स्त्रीधर्मनीति’ हें पुस्तक निघालें. त्याच्या उत्पन्नाचा उपयोग त्यांना १८८३ च्या इंग्लंडच्या प्रवासास झाला. तेथून त्या अमेरिकेस गेल्या आणि १८८७ मध्यें फिलाडेल्फिया येथें उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवर त्यांनीं इंग्रजींत ग्रंथ प्रसिद्ध केला. तो त्यांनीं आपल्या आईच्या, लक्ष्मीबाई डोंगरे यांच्या, स्मृतीस वाहिला. ज्या आईनें अरण्यांत व तीर्थयात्रेंत लेकीस संस्कृत शिकविलें, तिचें ऋण त्या ग्रंथामागें होतें. आणि पुढें बालविधवांसाठीं शाळा काढण्याचा संकल्प होता. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें, तें या संकल्पाचें फळ.

या तिघांत एक गोष्ट समान दिसते. यांपैकीं कोणासही ग्रंथकार म्हणून मिरवावयाचें नव्हतें. कोणाला रोजचा अनुभव, कोणाला एक खटला, कोणाला आईची आठवण स्वस्थ बसूं देईना. जें सांगावयाचें, तें त्यांच्याऐवजीं दुसरा कोणी सांगणार नव्हता. म्हणून आश्रयाची वाट पाहणें त्यांना शक्य नव्हतें.

परंतु स्वातंत्र्याची किंमतही त्यांच्या ग्रंथांना द्यावी लागली. आश्रयाच्या ग्रंथामागें त्याच्या प्रती जपणारी संस्था असते. या ग्रंथांना ती नव्हती. ‘तृतीय रत्न’ १९७९ पर्यंत छापलेंच गेलें नाहीं. त्यास १२४ वर्षें लागलीं. ‘स्त्रीपुरुषतुलना’ ९३ वर्षें विस्मृतींत राहून १९७५ सालीं स. गं. मालशे यांच्या संपादनानें पुन्हां वाचकांपुढें आली. मधल्या पिढ्यांना हे ग्रंथ मिळालेच नाहींत, आणि त्यांतले प्रश्न त्या पिढ्यांना नव्यानें विचारावे लागले.

आज छापणें सोपें झालें आहे. जपणें मात्र अद्यापि वाचकाच्याच हातीं आहे. कपाटाच्या तळाशीं एखादें पातळसें पुस्तक असतें, ज्यावर प्रकाशकाच्या जागीं लेखकाचेंच नांव व घरचा पत्ता छापलेला असतो. तें रद्दींत घालण्यापूर्वीं त्याची प्रस्तावना एकदां वाचून पाहावी, आणि आपणांस नको असल्यास तें गांवच्या वाचनालयाकडे द्यावें.