खडकांतील पाण्याचा इतिहास

भद्रावतीहून पश्चिमेस यवतमाळकडे निघालें कीं काळा दगड लागतो. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं वाहिलेला हा शिलारस. तो निवत असतां भेगांत शिरलेलें पाणी तापून फिरलें आणि दगडांतील द्रव्यें विरघळवून पोकळ्यांत नवीं खनिजें घडवीत गेलें.

नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या नांवावरून तिकडील एका हिरव्या खड्यास १८५९ सालीं ‘हिस्लोपाइट’ म्हटलें गेलें. तें नवें खनिज मानलें होतें. पुढें तें हिरव्या खनिजानें रंगलेलें कॅल्साइट ठरलें.

आज शास्त्रज्ञ उष्णता, पाण्याची गति व खनिजांचा पालट यांचीं समीकरणें संगणकावर एकत्र सोडवितात. परंतु उत्तराची पारख असल्या खड्यांवरूनच होते. म्हणून खडा उचलणाऱ्यानें जागेची नोंद ठेवावी. जागा हरवली कीं इतिहासाचा दुवाच तुटतो.