आरमारी डेक-वॉच

भर समुद्रांत जहाजाचा अक्षांश सूर्याच्या किंवा ध्रुवताऱ्याच्या उंचीवरून काढतां येतो. रेखांशासाठीं मात्र घड्याळच लागतें. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. म्हणजे घड्याळ चार सेकंद चुकलें, कीं विषुववृत्ताजवळ जहाजाची जागा एका सागरी मैलानें चुकलीच. १७०७ सालीं सिली बेटांच्या खडकांवर इंग्लिश आरमाराचीं चार जहाजें फुटून हजारावर माणसें बुडालीं. पुढें १७१४ सालीं पार्लमेंटानें रेखांश काढण्याच्या युक्तीसाठीं वीस हजार पौंडांपर्यंत बक्षीस लावलें. त्या प्रश्नाचें उत्तर जॉन हॅरिसन या सुतारानें दिलें. १७५९ सालीं पुरें झालेलें त्याचें चौथें घड्याळ सुमारें पांच इंच रुंद, खिशांतल्या घड्याळाच्याच घाटाचें होतें.

नंतरच्या काळांत जहाजाचें मुख्य क्रोनोमीटर पेटींत, पितळी कड्यांत टांगून ठेवीत. जहाज डोललें तरी तें समपातळींत राहावें हा हेतु. तें इकडेतिकडे हलविणें म्हणजे त्याची चाल बिघडविणें. म्हणून वेध घेणारा अधिकारी दुसरें लहान घड्याळ त्याच्याशीं ताडून पाही, दोहोंतील फरक टिपून ठेवी, आणि तें घेऊन वर जाई. हेंच डेक-वॉच. सेक्स्टंटमध्यें तारा क्षितिजाला टेकला, कीं त्या क्षणींचा सेकंद यावर वाचावयाचा. येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. घड्याळ रोज दोन सेकंद मागें पडत असेल तर बिघडत नाहीं, तेवढे हिशेबांत धरतां येतात. आज पुढें, उद्यां मागें, असें लहरी घड्याळ मात्र घातक. बंदरांत ही चाल तपासून घ्यावी लागे. मुंबईची कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालीं उभारली गेली, ती अंशतः याच गरजेपोटीं.

दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या हॅमिल्टन कंपनीनें अशीं घड्याळें हजारोंनीं बनविलीं. जर्मन आरमाराला तीं पुरविणाऱ्या लांगे यांचा ग्लासह्यूट येथील कारखाना ८ मे १९४५ रोजीं, युद्धाच्या अगदीं शेवटीं, बाँबनें उध्वस्त झाला.

आज संग्राहक हीं घड्याळें हौसेनें घेतात. ब्रिटिश घड्याळावर सरकारी बाणाची खूण असते. टोकाला टोक लावलेले दोन बाण दिसले तर तें सरकारनें विकून टाकलेलें समजावें. कांहीं हौशी लोक तबकडी नवी रंगवून घेतात. कोणी तर आंतलें यंत्र काढून मनगटी डब्यांत बसवितात! अशानें क्रमांक, पेटी व यंत्र यांची फारकत होते, आणि खरें मोल तर त्या मेळांतच असतें. १८२१ पासून ग्रीनिच वेधशाळेंत आरमारी घड्याळांच्या नोंदवह्या ठेवल्या जात. त्या आतां केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयांत आहेत. क्रमांक शाबूत असेल, तर एखादें घड्याळ कोणत्या वर्षीं कोणत्या जहाजावर दिलें गेलें, हें तेथें सांपडूं शकतें.