कर्जपुरवठा आणि आर्थिक उलाढाल (नंदुरबार जिल्हा)

उद्योग-व्यापाराला कर्ज किती, कशाच्या तारणावर आणि काय व्याजाने मिळते, यावर खरेदी, उत्पादन व रोजगार यांचा वेग बराचसा ठरतो. उलट, उलाढाल मंदावली की तारणाचे मूल्य घटून कर्जही आखडते. देशपातळीवर हे सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस या वित्तसंस्थेचे हप्ते थकल्यानंतर दिसले: बिगरबँक वित्तसंस्थांचा पैसा आटला आणि पुढच्या वर्षी वाहनविक्रीही घसरली. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात मात्र हा संबंध हंगामी धंद्यांच्या खेळत्या भांडवलात शोधावा लागतो.

त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण साखरेचे. शहादा तालुक्यात पुरुषोत्तमनगरला सातपुडा-तापी परिसर आणि नवापूर तालुक्यात डोकारे येथे आदिवासी, हे सहकारी कारखाने आहेत. ऊस चार-पाच महिन्यांत गाळला जातो, साखर वर्षभर विकली जाते. मधला काळ मालतारण कर्जावर निघतो. समजा, बँकेने साखरेचे मूल्यांकन क्विंटलला ३,६०० रुपये धरले आणि १५ टक्के दुरावा (मार्जिन) राखला, तर उचल ३,०६० रुपये मिळते. मूल्यांकन ३,३०० वर आले की ती २,८०५ होते. साखर तीच, पोती तीच. हातातले २५५ रुपये गेले. आधी दिलेली उचल नव्या मर्यादेपेक्षा जास्त ठरली, तर ‘अपुरा दुरावा’ निर्माण होतो. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार उसाचे पैसे १४ दिवसांत देणे बंधनकारक असले, तरी ताण पहिल्यांदा त्याच देण्यावर येतो आणि तेथून शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या सोसायटीच्या वसुलीवर व बाजारपेठेवर उतरतो.

मिरचीत हीच साखळी आखूड आहे. नंदुरबारचे व्यापारी ओली लाल मिरची घेऊन पथारींवर वाळवतात. कॅश क्रेडिटची मर्यादा संपली की खरेदीतला हात आखडतो. अवकाळी पावसाने पथारी भिजली, तर तारणच खराब होते.

डोंगराळ भागात बँकेचे कर्ज पातळ आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ मुळे आदिवासींची जमीन परवानगीशिवाय बिगरआदिवासींकडे जात नाही, म्हणून कर्ज देणाऱ्याच्या नजरेला ती कच्चे तारण वाटते. एवढ्यावरून निर्बंध सैल करावा, असे म्हणणे घाईचे होईल. कर्जापायी गेलेल्या जमिनींसाठीच शहाद्यात १९७० च्या दशकात श्रमिक संघटनेचे लढे झाले. गुजरातेत ऊसतोडीला जाणाऱ्या मजुरांना मुकादमाची उचल हेच कर्ज, आणि ते श्रमातून फेडायचे.

कर्जवाटप घटले म्हणजे पुरवठाच आखडला, असे नसते. मूल्यांकन, दुरावा व व्याज तेच असताना उचल कमी झाली, तर बहुधा ऊस किंवा मागणी कमी आहे; दुरावा वाढवल्यावर कमी झाली, तर कारण बँकेकडे आहे.